रणाऐवजी अकलोली

मेल्विनाच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने,
कच्छचा नकाशा चिकटवलेला आहे.
अकरा वर्षं.
चिकटपट्टी पिवळी पडली, घड्यांवरची गावं झिजली,
पण दार उघडलं की डांबराच्या गोळ्यांच्या वासातून
पांढरं रण अजून खोलीभर पसरतं.

या वर्षीही डॉक्टरांनी गुडघ्यावर बोट ठेवलं
आणि मान हलवली.
"मग भिवंडी," ती म्हणाली,
"तिथे काय वाळवंट कमी आहे?"

पहाटे चारला निघायचं होतं. चरईतून निघालो सातला.
माझ्या पिशवीत गुळपापडी, मिठाची पुडी, जादा ट्यूब,
टायर उचकटायला वाकवलेला चमचा,
आणि ऊन बाधू नये म्हणून खिशात एकेक कांदा.
कशेळीच्या पुलाखाली ओहोटी. चिखलाचा वास.
त्यापुढे पाणी नाही.

गोदामं. पुन्हा गोदामं.
पत्र्याच्या टेकड्यांमागे पत्र्याच्या टेकड्या.
आत कुणी कुणी मागवलेले पंखे, चपला, बाळांची झबली,
बाहेर रांगेत टेकलेले कंटेनर.
मी म्हणाले, "बघ, उंटांचा तांडा बसलाय."
"उंटावरची शहाणी," ती म्हणाली,
"पुढे खड्डा आहे."

खड्डाच होता.

शेलार, खोणी मागे पडली.
खडीच्या खाणीजवळ धूळ इतकी बारीक
की उडत नव्हती, नुसती उभी होती.
दातांखाली कचकच. पळसाची पानंही सिमेंटी.
माझी चेन उतरली, तिचा आवाज उतरला,
आणि आम्ही दोघी रस्त्याकडेच्या सावलीच्या
एका फूटभर पट्टीत
सायकलींना धरून उभ्या राहिलो.
एक पाण्याचा टँकर थांबला.
ड्रायव्हरने न बोलता नळी आमच्या डोक्यांवर धरली,
पैशांना नको म्हणून हात हलवला
आणि गेला.
गळत गळत गेला. डांबरावर त्याची ओली रेघ
आम्ही पोचेपर्यंत वाळून गेलेली.

अंबाडीला डावीकडे वळलो.
तानसेच्या पात्रात उघडे दगड,
दगडांत डबकी, डबक्यांवर वाफ.
तिथे मला हसूच फुटलं.
मे महिना, चाळिशीचं ऊन,
पंचेचाळीस किलोमीटर स्वतःला भाजून घेत
आलो कशाला, तर कढत पाण्यात बसायला!
आगीतून फुफाट्यात,
तेही पॅडल मारत.

बायकांच्या कुंडात एकच म्हातारी.
पद्मानगरची यादव्वा. तीस वर्षं मागावर कांड्या भरल्या,
बोटं अजून नसलेला धागा चाचपतात.
"आधी टाच घाल," ती म्हणाली. "मग थांब.
पाण्याला तुझी ओळख होऊ दे."
गंधकाचा वास, दिवाळीच्या दुसऱ्या सकाळच्या अंगणासारखा.
मेल्विनाने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला
आणि देवीच्या कुंडात उतरली.

पाण्याखाली तिचा गुडघा होता त्याहून मोठा दिसत होता.
त्यावर टाक्यांची रेघ, आडव्या बारीक दांड्यांची,
नकाशात रेल्वे दाखवतात तशी.
"ही कुठे जाते?" मी विचारलं.
तिने डोळे मिटलेलेच ठेवले.
"भुजला."

बाहेर आलो तेव्हा तोच वारा होता,
तीच झळ, दगडही तेच तापलेले,
आणि आम्ही कुडकुडलो.
खरंच. हातांवर काटा. मे महिन्यात.
यादव्वा लुगडं पिळत म्हणाली,
"पाण्यासाठी कोण येतंय, पोरी?
मी येते या वाऱ्यासाठी."

परतीला टेम्पो करायचा ठरलं होतं. केला नाही.
कशेळीला उन्हं कलली तेव्हा भरती लागली होती
आणि माझ्या काळ्या कुर्त्यावर, पाठीपासून खांद्यापर्यंत,
घाम वाळून मीठ उमटलं होतं:
पांढरं, भेगाळलेलं, कडांना जरा चमकणारं.
मेल्विना मागून बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"हा एवढ्यात धुऊ नकोस."